चोरदरवाजा दाखवणारी माणसं

गेल्या शनिवारी कोल्हापुरात होतो. रात्री शाळेतले चार मित्र जमलो, तांबडा-पांढरा झाला, आणि मग नेहमीसारखा गप्पांचा फड बसला. त्यातल्या एकाची उद्यमनगरात फाउंड्री आहे. मी संगणक सुरक्षेच्या कामात आहे एवढंच त्याला माहीत. त्याने एकदम विचारलं, "भावा, मला एक सांग. कुलूप फोडायची हत्यारं तुम्ही लोक इंटरनेटवर फुकट वाटता. वर ती कशी चालवायची त्याची चोपडीबी देता. आन् मग चोरी झाली की बोंबलता. ह्यात डोकं कुठं चालतंय तुमचं?"

प्रश्न साधा होता, पण मला तिथल्या तिथे धड उत्तर देता आलं नाही. परत येताना गाडीत तोच विचार डोक्यात घोळत होता. म्हणून या वीकएंडचा लेख त्याच्यासाठी. (तो वाचणार नाही हे माहीत आहे. असो.)

त्याच्या डोक्यात कुठली चोरी होती हे मला नेमकं कळलं होतं. ११ ऑगस्ट २०१८, तोही शनिवारच. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवस्थेत कुणीतरी शिरलं होतं. तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की 'या खात्यात पैसे आहेत का, देऊ का?' असा निरोप बँकेकडे जातो आणि 'दे' किंवा 'नको' असं उत्तर येतं. हे निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेला स्विच म्हणतात. चोरांनी स्वतःचा एक नकली स्विच मध्ये उभा केला. खऱ्या बँकेला न विचारताच तो प्रत्येक निरोपाला 'दे' म्हणत राहिला. आणि मग २८ देशांमधल्या एटीएमवर बनावट कार्डं घेतलेली माणसं उभी राहिली. सुमारे १२ हजार व्यवहारांत परदेशातून ७८ कोटी, भारतातल्या २,८०० च्या वर व्यवहारांत अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ तारखेला, स्विफ्टमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

आता यात कोल्हापूर कुठे आलं? तर भारतातले ते जे अडीच कोटी, त्यातले ८९ लाखांच्या आसपास रुपये आपल्या कोल्हापूरच्या एटीएममधून निघाले! जगाच्या पाठीवर कुठेतरी बसून कुणीतरी बटण दाबलं आणि आपल्या गावातल्या मशीनमधून नोटा बाहेर आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाच्या खात्यावर मांडला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. ही सगळी पैसे काढण्या-पोचवण्याच्या साखळीतली माणसं. बटण दाबणारे काही हाती लागले नाहीत.

तर मित्राचा प्रश्न असा, की ही हत्यारं उघड्यावर ठेवल्यामुळेच असं होतं का? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९९५ साल. आपल्याकडे १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते हेच वर्ष. त्याच वर्षी फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात एक भानगड झाली. नेटवर्कवर कुणीतरी 'स्निफर' बसवून लोकांचे पासवर्ड गोळा केले. तेव्हा दूरच्या मशीनवर काम करायला टेलनेट वापरायचे आणि त्यात पासवर्ड चक्क उघडा जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तिथल्या तातू युल्योनेन नावाच्या संशोधकाने यावर उपाय म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला आणि जुलैमध्ये सोर्सकोडसकट फुकट वाटला. तो म्हणजे एसएसएच. वर्ष संपेपर्यंत ५० देशांत त्याचे २० हजार वापरकर्ते झाले होते. पुढे त्याचा परवाना कडक होत गेला, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुनी मोकळी आवृत्ती उचलली आणि १९९९ मध्ये ओपनएसएसएच तयार केलं. आज सकाळी ऑफिसात पोचल्यावर तुम्ही सर्व्हरवर लॉगिन केलं असेल, तर बहुतेक त्याच्याच जोरावर.

त्याच १९९५ च्या एप्रिलमध्ये आणखी एक प्रोग्रॅम आला आणि त्याने मात्र गदारोळ माजवला. डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा या दोघांनी तो लिहिला होता. एखाद्या नेटवर्कमधल्या मशीन्स तपासायच्या आणि कुठे कुठे भोकं आहेत याची यादी द्यायची, एवढंच त्याचं काम. नाव ठेवलं 'सेटन', म्हणजे सैतान. (नाव टोचणाऱ्यांसाठी सोबत 'रिपेंट' नावाचा एक छोटा प्रोग्रॅमही दिला होता. तो चालवला की सैतानाचा 'सांता' व्हायचा!) लोक म्हणाले, हे म्हणजे पोराच्या हातात कोलीत. फार्मर तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्समध्ये होता, तिथली त्याची नोकरी या प्रकरणात गेली. म्हणजे माझ्या मित्राचा प्रश्न तीस वर्षं जुना आहे, आणि तो विचारणाऱ्यांत मोठमोठी माणसं होती.

या दोघांचं म्हणणं काय होतं? १९९३ मध्येच त्यांनी एक लेख लिहिला होता, त्याचा मथितार्थ असा की आपलं घर सुरक्षित करायचं तर आधी स्वतःच त्यात घुसून बघा. चोराला भोकं ठाऊकच असतात. ठाऊक नसतात ती घरमालकाला.

हे वाचलं तेव्हा मला काय आठवलं सांगू? रायगड. आख्यायिका तुम्हीही ऐकली असेल. गड बांधून पुरा झाल्यावर महाराजांनी जाहीर केलं, की मुख्य वाटेशिवाय, दोर-शिडी न लावता जो कुणी गडावर येऊन दाखवेल त्याला सोन्याचं कडं आणि मोहरांची थैली. एक महार समाजातला माणूस पुढे आला, कडा चढून गेला आणि वर निशाण लावलं. महाराजांनी त्याला बक्षीस दिलं आणि ती वाट बंद करून घेतली. हिरकणीची गोष्टही त्याच जातीची. ती तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, तर तिला शिक्षा नाही, उलट साडीचोळी आणि त्या जागी बुरूज. इतिहास म्हणून या गोष्टी कितपत टिकतील ते इतिहासकार बघतील. पण लोकांनी त्या पिढ्यान्पिढ्या जपून ठेवल्या यात एक शहाणपण आहे. गडाची भेद्य जागा दाखवणारा माणूस शत्रू नसतो. त्याला गप्प केलंत तर वाट काही बंद होत नाही, फक्त तुम्हाला ती कळत नाही. आज कंपन्या 'बग बाउंटी' म्हणून जे देतात, ते म्हणजे हेच सोन्याचं कडं.

सैतानानंतरची तीन-चार वर्षं म्हणजे या हत्यारांचा सुगीचा काळ. सप्टेंबर १९९७ मध्ये गॉर्डन लायन ऊर्फ फ्योदोरने 'फ्रॅक' नावाच्या ई-मासिकात एनमॅपचा कोड छापला. कुठल्या मशीनचे कुठले दरवाजे, म्हणजे पोर्ट, उघडे आहेत ते तो सांगतो. पहिल्या आवृत्तीला नंबरसुद्धा नव्हता, कारण दुसरी काढायची असा त्याचा विचारच नव्हता. (हाच एनमॅप २००३ च्या 'द मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी वापरताना दिसते. सिनेमातलं हॅकिंग बघून आम्ही सगळे हसतो, पण तेवढा सीन खरा आहे.) १९९८ मध्ये फ्रान्सच्या रेनो देरेझॉनचा नेसस आला, तो भोकं शोधणारा. त्याच वर्षी जेराल्ड कोम्ब्सचा इथेरियल आला, तो तारेतून जाणारं पॅकेट न् पॅकेट उलगडून दाखवणारा. आणि डिसेंबरात मार्टिन रोशचा स्नॉर्ट, म्हणजे दारावरचा वॉचमन, संशयास्पद पॅकेट दिसलं की शिट्टी मारणारा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मित्र म्हणेल आपलं ते झाकून ठेवलं. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणच्या चाचण्या झाल्या. (११ आणि १३! कॉसमॉसच्याही तारखा ११ आणि १३. निव्वळ योगायोग.) पुढच्याच महिन्यात 'मिलवर्म' नावाच्या टोळक्याने मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सर्व्हरमध्ये शिरून ई-मेल पळवले. टोळकं म्हणजे वेगवेगळ्या देशांतली पोरं, त्यातली काही तर मिसरूडही न फुटलेली. अणुचाचण्यांचा निषेध हे कारण. त्या वेळच्या वृत्तांतांत पासवर्ड फोडायला 'जॉन द रिपर' वापरल्याचा उल्लेख आहे. जॉन द रिपर हेही फुकट आणि उघडं हत्यार. अणुबॉम्ब करणाऱ्या संस्थेला शाळकरी पोरांनी फुकटच्या प्रोग्रॅमने गाठलं.

मग मित्र बरोबर? थांबा. जॉन द रिपर करतो काय? सोपे पासवर्ड ओळखतो. तोच प्रोग्रॅम संस्थेतल्या कुणी आदल्या रविवारी आपल्याच पासवर्ड फाइलवर चालवला असता, तर कुणाकुणाचा पासवर्ड कच्चा आहे ते चहा संपायच्या आत कळलं असतं. हत्यार दोघांनाही उपलब्ध होतं. वापरलं एकाने.

माझी स्वतःची या हत्यारांशी ओळख इंजिनिअरिंगला झाली. लॅबमध्ये तेव्हा हब होते. हब म्हणजे एका मशीनकडे जाणारं पॅकेट सगळ्यांकडे पाठवणारा डबा. गावात एकाला सांगितलेली गोष्ट सगळ्या गल्लीला कळते तसं. मी कुठल्याशा मासिकाच्या सीडीवरून इथेरियल टाकला आणि दहा मिनिटांत रूममेटचा मेलचा पासवर्ड माझ्या स्क्रीनवर होता. आधी मजा वाटली, आणि मग पोटात गोळा आला. कारण मी त्याचा बघू शकतो तर माझाही कुणीतरी बघत असणार. त्या दिवसापासून मी दूरच्या मशीनवर जाताना टेलनेट वापरला नाही. सुरक्षेवर दहा व्याख्यानं ऐकून जे झालं नसतं ते त्या एका स्क्रीनने केलं.

(याचा अर्थ ऊठसूट कुणाचंही नेटवर्क स्कॅन करा असा नाही हं! आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं किंवा त्यातला डेटा उतरवून घेणं याची भरपाई द्यावी लागते, आणि लबाडीने केलंत तर ६६ व्या कलमाखाली तुरुंग. स्वतःच्या गडाचे कडे चढा, शेजाऱ्याच्या नको.)

महाराष्ट्रात ही विद्या उघडपणे बोलली जायला लागली ती २००० नंतर. पुण्यात लिनक्सवाल्यांचा गट होताच. डिसेंबर २००७ मध्ये पुण्यात 'क्लबहॅक' ही परिषद सुरू झाली, आणि २०१० मध्ये गोव्यात 'नलकॉन'. हॅकर म्हणजे चोर असं आई-वडिलांना वाटायच्या काळात ही पोरं व्यासपीठावर उभं राहून भोकं दाखवत होती आणि ती बुजवायची कशी तेही सांगत होती. आज सुरक्षेच्या धंद्यात मला भेटणारे कितीतरी मराठी लोक त्याच खुर्च्यांवर बसून शिकलेत.

पण फुकट वस्तूची किंमत कुणीतरी मोजतच असतं, आणि इथे या इतिहासाचा दुखरा भाग येतो. नेसस लाखो लोक वापरायचे, पण कोडमध्ये हातभार लावणारे बोटावर मोजण्याइतके. उलट तोच कोड घेऊन प्रतिस्पर्धी धंदा करायचे. २००५ मध्ये त्याच्या कंपनीने पुढची आवृत्ती बंद केली. जुन्या मोकळ्या कोडवरून इतरांनी ओपनव्हास चालू ठेवलं. स्नॉर्टची गोष्ट वेगळी. रोशने २००१ मध्ये सोर्सफायर कंपनी काढली, स्नॉर्ट मोकळा ठेवला, आणि २०१३ मध्ये सिस्कोने ती कंपनी २.७ अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे उघडं ठेवून पैसा होतच नाही असं नाही.

पण सगळ्यांचं नशीब स्नॉर्टसारखं नसतं. ओपनएसएसएल म्हणजे तुमच्या ब्राउझरमधल्या त्या छोट्या कुलपामागे, सर्व्हरच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी जो कोड असतो तो. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचं भोक सापडलं, आणि ते दोन वर्षं तसंच होतं. मग कळलं की जगातल्या बँका ज्यावर उभ्या आहेत, त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळायची. दोन हजार डॉलर! आपल्या पेठेतलं गणपती मंडळ याच्यापेक्षा जास्त वर्गणी गोळा करतं.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, याहून भयंकर प्रकार उघड झाला. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी लायब्ररी एकच माणूस सवडीने, थकून-भागून सांभाळत होता. 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून, मदत करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. रोख होता थेट ओपनएसएसएचवर. पकडला कुणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने. त्याचं लॉगिन नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होत होतं आणि ते त्याला खटकलं, म्हणून तो खोदत गेला. कोड उघडा होता म्हणून त्याला खोदता आलं, हे खरं. पण त्या दिवशी तो कंटाळा करून 'असू दे' म्हणाला असता तर?

आता मूळ मुद्दा. मित्राचा प्रश्न हत्याराबद्दल होता. मला हळूहळू असं दिसायला लागलंय की प्रश्न हत्याराचा नाहीच. त्यासाठी माझीच एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका काकांनी मला बोलावलं. ते जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचं काम बघतात. दहा-बारा संगणक, एक ब्रॉडबँड कनेक्शन आणि बजेट शून्य. मी हिरिरीने कामाला लागलो. अडगळीतला जुना पीसी घेतला, त्यावर पीएफसेन्स टाकून फायरवॉल केला, स्नॉर्ट बसवला, प्रत्येक गोष्टीचा लॉग ठेवायची सोय केली. खर्च म्हणजे एक नेटवर्क कार्ड आणि दोन वेळचा चहा. काकांना म्हणालो, "आता बिनघोर राहा." काका चारचौघांत माझं कौतुक करायचे आणि मलाही ते गोड वाटायचं.

मग दिवाळीला घरी गेलो तेव्हा सहज डोकावलो. तो डबा सुरू होता, पंखा फिरत होता. पण डिस्क भरून लॉग जूनमध्येच बंद पडले होते. आणि जूनपर्यंत जे लॉग होते, त्यांत स्नॉर्टने शेकडो वेळा शिट्टी मारली होती. ती ऐकायला कुणी नव्हतं. नशिबाने तसं काही गंभीर निघालं नाही. पण दोष सरळसरळ माझा होता. मी वॉचमन ठेवला, आणि त्याने हाक मारली तर ती कुणाच्या कानावर पडायची हे ठरवलंच नाही. काका म्हणाले, "अरे, तूच म्हणालास ना बिनघोर राहा." माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

कॉसमॉससारख्या हल्ल्यात नेमकं काय केलं असतं तर चोर थांबले असते, हे बाहेर बसून सांगायचा मला अधिकार नाही. एवढा संयम ठेवून येणाऱ्या टोळीपुढे भले भले हरलेत. पण काही गोष्टी सामान्य ज्ञानाच्या आहेत. सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या फायली बदलल्या तर सांगणारं ट्रिपवायर १९९२ मध्येच पर्ड्यू विद्यापीठात तयार झालं. नेटवर्कमधली अनोळखी हालचाल सांगणारा स्नॉर्ट १९९८ चा. हत्यारांचा दुष्काळ कधीच नव्हता. खरा दुष्काळ आहे तो रोज ते वाचणाऱ्या माणसाचा, आणि विशेष करून शनिवारी दुपारी.

सरकारी पातळीवरही हे उशिरा का होईना पोचलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे चोरीनंतर दोन महिन्यांनी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये बँकेच्या पसाऱ्याप्रमाणे चार पायऱ्यांची सविस्तर चौकट आली. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉग १८० दिवस जपून ठेवा, असा आदेश काढला. चांगलंच आहे. फक्त माझ्या काकांच्या डब्यासारखं, जपून ठेवणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

त्या दिवाळीत मी एकच बदल केला. नवीन काहीही बसवलं नाही. उलट स्नॉर्टचे निम्मे नियम बंद केले, म्हणजे शिट्टी कमी वाजेल आणि वाजली तर अर्थ असेल. मग तिथल्या हिशोब लिहिणाऱ्या मुलीला शेजारी बसवून तासभर दाखवलं. बी. कॉम. झालेली, संगणकाचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. रोज संध्याकाळी कॅश मोजून झाली की पाच मिनिटं हा एक पानाचा रिपोर्ट बघायचा, कालच्यापेक्षा काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा. तिने विचारलं, "दादा, वेगळं म्हणजे काय हे मला कसं कळणार?" मी म्हटलं, "रोजकीर्द जुळत नाही तेव्हा कसं कळतं? तसंच." पहिल्या महिन्यात तिचे अकरा फोन आले. दहा वेळा काहीच नव्हतं. अकराव्या वेळी एक मशीन रात्री दोन वाजता बाहेर कुठेतरी बोलत होतं. कुणीतरी पेन ड्राइव्हवरून गाणी आणताना सोबत आणलेली घाण निघाली. पैसे गेले नाहीत, पेपरात बातमी आली नाही. अशा गोष्टींची येतही नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होय, हत्यारं आम्ही फुकट वाटतो. चोरालाही मिळतात. पण ती झाकून ठेवली तरी चोराला मिळणारच आहेत, त्याच्याकडे पैसा आहे आणि वेळही. झाकल्याने वंचित राहील ती दहा संगणकांची पतसंस्था, ती हिशोब लिहिणारी मुलगी, आणि लॅबमधला तो पोरगा ज्याच्या पोटात गोळा यायला हवा होता. तुझ्या फाउंड्रीतही एक सर्व्हर आहे, मला माहीत आहे. त्याचा पासवर्ड काय आहे तेही मी ओळखू शकतो (गाडीचा नंबर, बरोबर?).

पुढच्या खेपेला कोल्हापूरला आलो की येतो उद्यमनगरात. हत्यारं माझी, फुकट. रिपोर्ट वाचणारा माणूस तेवढा तू शोधून ठेव. आणि हो, तांबडा-पांढरा तुझ्याकडून. तो फुकट नाही. :)